वायरलेस संचांचा मेळ : पुराआधीची तपासणी आणि आपल्या कारागिरांना वाव

सिरोंचा हे तीन राज्यांच्या तोंडावरचे गाव. पश्चिमेला प्राणहिता, तिच्या पलीकडे तेलंगणातील चेन्नूरचा भाग. दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीचा संगम आणि समोर कालेश्वरम. पूर्वेकडे इंद्रावती ओलांडली की छत्तीसगडचे भोपालपट्टणम. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली मात्र सुमारे दोनशे किलोमीटर लांब, आणि वाट जंगलाची. या गावच्या बाजारात एकाच गल्लीत तेलुगू, मराठी, माडिया आणि उर्दू कानावर पडते. आपल्या दुकानदार बांधवांना या सगळ्या भाषा थोड्याफार येतात, म्हणून व्यवहार अडत नाही. वायरलेस संचांचे मात्र तसे नाही. एका कंपनीच्या संचाला दुसऱ्या कंपनीच्या संचाची भाषा समजेलच याची खात्री नसते, आणि ही गोष्ट बहुधा संकटाच्या दिवशीच उघडकीस येते.

आज या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकमेकांशी बोलतात की नाही याची आधीच तपासणी करणे, म्हणजे मेळ-तपासणी, हा तांत्रिक विषय आहे खरा. पण त्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि आपल्या रेडिओ मेकॅनिक, वेल्डर व चामड्याचे काम करणाऱ्या बांधवांसाठी रोजीचा मार्गही आहे.

सिरोंच्याची गरज

गोदावरीचा १९८६ च्या ऑगस्टमधील पूर जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. त्या वर्षी खाली भद्राचलमला पाण्याची पातळी ७५.६ फुटांवर गेली होती. पुढे जुलै २०२२ मध्ये तसाच महापूर आला. भद्राचलमला पाणी ७० फुटांच्या वर गेले आणि सिरोंचा तालुक्यातील नदीकाठच्या गावांतून हजारो लोकांना हलवावे लागले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात प्राणहितेचा पुष्कर मेळा भरला होता आणि तिन्ही राज्यांतून भाविक या काठावर उतरले होते. हजरत वली हैदरशाह बाबांच्या उर्सलाही सीमेपलीकडची माणसे येतात. म्हणजे पूर असो वा मेळा, येथे एका खात्याचे काम कधीच नसते.

पुराच्या वेळी कोण कोण कामाला लागते ते पाहा. स्थानिक पोलीस, महसूल खाते, वन खाते, राज्य आपत्ती प्रतिसाद दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, केंद्रीय राखीव पोलीस दल. नदीपलीकडे तेलंगणाचे पोलीस आणि पाटबंधारे खाते. मेडीगड्डाचा ८५ दरवाजांचा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला. त्याचे एक टोक तेलंगणात आणि दुसरे सिरोंचा तालुक्यात आहे. तेव्हा पाण्याची बातमी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वेळेवर पोचणे हे काठावरच्या प्रत्येक घराच्या हिताचे आहे. यांतील प्रत्येक खाते आपापल्या गरजेप्रमाणे, आपापल्या निविदेने, वेगवेगळ्या वर्षी संच खरेदी करते. सगळ्यांकडे एकाच कंपनीचा माल असणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. एकाच कंपनीच्या हाती सारा धंदा गेला तर भावही तिच्याच हाती जातो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहेत. नक्षलग्रस्त भागासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये टॉवरची योजना मंजूर केली आणि २०२२ मध्ये त्यातील २,३४३ टॉवर फोर-जी करण्याचा निर्णय घेतला, हे खरे. पण टॉवरला वीज लागते आणि पुढे जोडणारी तार किंवा दुवा शाबूत लागतो. पुरात नेमके हेच तुटते. हातातला वायरलेस संच मात्र मधे काहीही नसताना थेट दुसऱ्या संचाशी बोलतो. अट एवढीच, की दोघांचा मेळ बसलेला हवा.

आट्यांचा जुना धडा

हा प्रश्न रेडिओपेक्षा जुना आहे. लेथवर काम करणाऱ्या आमच्या बांधवांना तो चटकन समजेल. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धावून आले. पण त्यांच्या होजपाइपच्या कपलिंगच्या आट्या बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. पाणी होते, बंब होते, माणसे होती; अडले ते आट्यांच्या मापावर. आग सुमारे ३० तास धुमसली आणि १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. दुसऱ्याच वर्षी कपलिंगचे राष्ट्रीय प्रमाण ठरवण्यात आले.

पुढे ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये हाच प्रश्न वायरलेसच्या रूपाने समोर आला. पोलिसांची हेलिकॉप्टरे वरून इमारतींची अवस्था पाहत होती. पण पोलीस आणि अग्निशमन दलाच्या यंत्रणा वेगळ्या असल्याने वरची खबर आत गेलेल्या जवानांपर्यंत सरळ पोचत नव्हती. शिवाय उंच इमारतीत त्यांच्या स्वतःच्या संचांवरही अनेकांना बाहेर पडण्याचा हुकूम ऐकू गेला नाही. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. सारा दोष वायरलेसचा होता असे नाही. पण त्यानंतर जगभर या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

संच एकमेकांशी का बोलत नाहीत?

पहिले कारण बँड. पोलिसांचे बरेच संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ पट्ट्यात चालतात. दुसऱ्या कोणाकडे ४०० मेगाहर्ट्झच्या वरचा यूएचएफ संच असेल तर दोघे शेजारी उभे राहूनही बोलू शकत नाहीत. कंपनी एकच असली तरीही.

दुसरे कारण चॅनेलची रुंदी. जुने संच २५ किलोहर्ट्झचे, नवे १२.५ चे. रुंद संचाचे बोलणे अरुंद संचावर फाटके येते, आणि अरुंदचे रुंदवर मंद येते. शांत खोलीत ते कसेबसे समजेल. डोंग्याच्या इंजिनाच्या आवाजात समजणार नाही.

तिसरे कारण टोन, आणि मेकॅनिकला सर्वांत जास्त चकवणारे हेच आहे. बोलण्याबरोबर एक बारीक, कानाला न जाणवणारा सूर पाठवला जातो. ठरलेला सूर आला तरच समोरचा संच स्पीकर उघडतो. एका संचात १००.० हर्ट्झ आणि दुसऱ्यात १०३.५ भरलेले असेल तर समोरच्या संचाचा हिरवा दिवा लागतो, आवाज येत नाही. माणूस समजतो की स्पीकर गेला. त्यात भर म्हणजे हाच टोन एक कंपनी 'पीएल' म्हणते, दुसरी 'क्यूटी' म्हणते, तिसरी सरळ सीटीसीएसएस लिहिते. वस्तू एक, नावे तीन. टोनचाच एक डिजिटल प्रकार आहे, त्याला डीसीएस कोड म्हणतात. त्यात सरळ आणि उलटा असे दोन भेद असतात. आकडा जुळूनही हा भेद चुकला तर संच मुकाच राहतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट. समजा पहिल्या संचात टोन पाठवण्याची आणि ऐकण्याची दोन्ही सोय चालू आहे, आणि दुसऱ्यात टोनच नाही. दुसऱ्याला पहिल्याचे ऐकू येईल, पण पहिल्याला दुसऱ्याचे येणार नाही. कंट्रोल रूमला वाटते की आपण सगळ्यांपर्यंत पोचतो आहोत, आणि काठावरचा जवान मदत मागून थकतो. म्हणून एका बाजूने 'हॅलो' ऐकू आले की तपासणी झाली असे मानणे धोक्याचे आहे.

चौथे कारण डिजिटल पद्धती. युरोपातून आलेली टेट्रा, तिकडूनच २००५ मध्ये आलेली डीएमआर, आणि १९८९ पासून अमेरिकेत आकाराला आलेली प्रोजेक्ट-२५ या तीन वेगळ्या भाषा आहेत. टेट्राचा संच डीएमआरशी बोलत नाही. एकाच डीएमआरमध्येही कलर कोड, टाइम स्लॉट आणि गटाचा क्रमांक जुळावा लागतो. कलर कोड ० ते १५ असा काहीही असू शकतो. त्याच्या पुढे प्रत्येक कंपनीच्या खास सोयी येतात : संभाषण गुप्त ठेवण्याची कळ, दूरदूरचे रिपीटर जोडण्याची रीत, संकटाचे लाल बटण. साधे बोलणे जुळते, पण लाल बटण दाबल्यावर दुसऱ्या कंपनीच्या संचावर काहीच उमटत नाही असे होऊ शकते. प्रमाणात न बसवलेली ही प्रत्येक सोय ज्या त्या कंपनीच्या ग्राहकापुरतीच असते.

तपासणी कशी होते?

तपासणीचे दोन भाग असतात, टेबलावरची आणि मैदानातली.

टेबलावर प्रत्येक संच आधी एकटा तपासतात. फ्रिक्वेन्सी किती सरकली आहे ते पाहतात. दहा लाखांत अडीच भाग एवढी चूक धरली तर १५० मेगाहर्ट्झवर ती ३७५ हर्ट्झ होते, तेवढी चालते. जुना, पावसात भिजलेला संच याच्या बराच पुढे गेलेला असतो. मग डेव्हिएशन, म्हणजे आवाजाने लहर किती हलते ते. रुंद चॅनेलवर कमाल ५ किलोहर्ट्झ, अरुंदवर २.५. मग किती वॅट बाहेर पडतात आणि किती क्षीण संदेश ऐकू येतो ते. जो संच एकटाच ठीक नाही, त्याचा दुसऱ्याशी मेळ तपासण्यात अर्थ नाही.

त्यानंतर जोड्या. पाच कंपन्यांचे संच असतील तर जोड्या दहा होतात. दोन्ही बाजूंनी बोलून पाहायचे म्हणजे वीस चाचण्या. प्रत्येक चाचणी थेट आणि रिपीटरमार्गे, टोनसह आणि टोनविना, बॅटरी पूर्ण असताना आणि उतरलेली असताना, अशी करायची. वहीत आडवे-उभे रकाने आखून आडव्या ओळीत बोलणारा आणि उभ्या रकान्यात ऐकणारा लिहावा. प्रत्येक घरात तीनपैकी एक खूण : स्पष्ट, अस्पष्ट, किंवा बंद. उधारीची वही ज्या शिस्तीने लिहितो त्याच शिस्तीने ही वही लिहिली पाहिजे. तारीख, संचाचा क्रमांक, त्यात भरलेली सेटिंग आणि तपासणाऱ्याची सही हवी. सेटिंग बदलली की जुनी खूण रद्द आणि तपासणी पुन्हा.

मैदानातली तपासणी वेगळी. सागाच्या दाट जंगलात, नदीच्या खोल पात्रात, चालत्या जीपमध्ये आणि डोंग्यात लहर वेगळी वागते. ओले हात, रेनकोट, वारा यांचाही हिशेब असतो. ही तपासणी उन्हाळ्याच्या शेवटी, मे महिन्यात व्हावी. पाणी चढल्यावर रकाने भरायला वेळ नसतो.

कागदावरचे प्रमाण पुरत नाही, हा जगाचा अनुभव आहे. प्रोजेक्ट-२५ चे प्रमाण लिहून झाल्यावरही वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत मेळ बसेना. म्हणून अमेरिकेने कंपन्यांसाठी अनुपालन तपासणीची योजना सुरू केली आणि तपासणीचे सारांश अहवाल खरेदीदारांना पाहता येतील अशी व्यवस्था केली. टेट्राच्या बाबतीत इटलीतील सरकारी संस्था वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे समोरासमोर ठेवून तपासते आणि कोणती सोय कोणाशी जुळली याचा दाखला देते. दाखल्यात सोयींची यादी असते, सरसकट 'पास' नसतो. आपल्याकडे केंद्रीय गृह मंत्रालयाखाली १९४६ पासून पोलीस बिनतारी समन्वयाचे संचालनालय आहे. राज्याराज्यांच्या पोलिसांमधील बिनतारी दळणवळणाचा मेळ घालणे हे त्याचे काम. राज्याच्या पोलीस बिनतारी विभागाचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे. निविदा भरणाऱ्याने यांच्या अटी नीट वाचाव्यात.

कायद्याची बाजू

आता सावधगिरीची गोष्ट. वायरलेस संच हा टेपरेकॉर्डरसारखा कोणीही कोठेही विकावा असा माल नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. फ्रिक्वेन्सीचा परवाना केंद्राच्या डब्ल्यूपीसी या विभागाकडून मिळतो आणि संचाच्या मॉडेलला मंजुरी असावी लागते. परवान्याविना वापरता येतील असे पट्टे थोडेच आहेत. २००५ पासून २७ मेगाहर्ट्झजवळचा सिटिझन बँड, आणि २०१८ च्या नियमांनी मोकळा केलेला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी शक्तीचा पट्टा. संच या पट्ट्यातला असला तरी मॉडेलची मंजुरी लागतेच.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती न देता वॉकी-टॉकी विकल्याबद्दल इंटरनेटवरील विक्री कंपन्यांना १३ नोटिसा काढल्या आणि पुढे अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर छोट्या दुकानदाराने किती जपावे? स्वस्तात मिळाले म्हणून खोकेभर संच आणून ठेवू नयेत. गडचिरोलीसारख्या बंदोबस्ताच्या जिल्ह्यात विनापरवाना वॉकी-टॉकी सापडणे ही किरकोळ बाब ठरत नाही. विक्री आणि दुरुस्तीसाठी कोणते कागद लागतात ते खात्याकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर दुकान उघडू नये.

आपल्याला वाव कोठे?

संच विकण्यात मोठ्या कंपन्या आहेत. पण संच विकला की काम संपत नाही. ते तेथून सुरू होते, आणि तेथे स्थानिक माणूस लागतो.

बॅटरी आणि चार्जर हा पहिला धंदा. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्याच्या संचाला बसत नाही. कोणती कशाला चालते, याची अचूक यादी आणि साठा ठेवणारा दुकानदार पुराच्या आठवड्यात सोन्याच्या मोलाचा असतो. दुसरे काम अँटेना, केबल आणि इअरफोनच्या पिनांचे. तिसरे वेल्डरचे : रिपीटरसाठी लोखंडी मास्ट उभारणे, ताणाच्या तारा बांधणे, गंज लागू न देणे. चौथे इलेक्ट्रिशियनचे : वीज पडण्यापासून बचावासाठी तांब्याच्या पट्टीचे अर्थिंग. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी विजा कशा पडतात हे सांगायला नको. पाचवे चामडे आणि कॅनव्हासचे काम करणाऱ्यांचे : संच कमरेला घट्ट राहील, बटण हाताला लागेल आणि पाणी आत जाणार नाही असे कव्हर. कारखान्यातून आलेले कव्हर डोंग्यात बसणाऱ्याच्या सोयीचे असेलच असे नाही. आमचा कारागीर ते मापाने शिवू शकतो.

मेळ-तपासणीचे काम करायचे तर साधने लागतात. डमी लोड, वॅटमीटर, फ्रिक्वेन्सी काउंटर एवढ्यावर सुरुवात होते. सर्व मापे एका ठिकाणी घेणारा सर्व्हिस मॉनिटर महाग पडतो आणि एकट्याला झेपत नाही. येथे शिर्कतीचा विचार करावा. चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली, सिरोंचा येथील चार-पाच मेकॅनिकांनी मिळून भांडवल घालावे, यंत्र एका ठिकाणी ठेवावे आणि कामाच्या प्रमाणात नफा-तोटा वाटून घ्यावा. व्याजाच्या कर्जात अडकण्यापेक्षा हा मार्ग बरकतीचा आहे.

तीन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. दुकानात चाचणी करताना अँटेनाऐवजी डमी लोड लावावा, म्हणजे लहर बाहेर जाणार नाही. खात्याचे संच खात्याच्या लेखी परवानगीने आणि त्यांच्या माणसासमोरच हाताळावेत. आणि दुरुस्तीला आलेल्या संचात भरलेली फ्रिक्वेन्सीची यादी ही अमानत समजावी. तिची नक्कल संगणकात ठेवू नये, मित्राला दाखवू नये. एका माणसाच्या उथळपणाने साऱ्या बाजाराचा भरवसा जातो.

मुलांना या कामात घालायचे असेल तर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम आहे. त्याला जोडून हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना घ्यावा. त्याची परीक्षा बारा वर्षांच्या मुलालाही देता येते. कायदेशीर मार्गाने संच हाताळायला शिकण्याचा हा चांगला रस्ता आहे, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी केलेली मदत महाराष्ट्राला माहीत आहे.

ऐब सांगून विका

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात असता त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. ही हदीस आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेली आहे.

वायरलेसच्या धंद्यात ओले धान्य ओळखायला कठीण असते. खोक्यावर 'सर्व संचांशी जुळणारा' असे छापलेले असते. ग्राहक तेवढेच वाचतो. आत कोणती सोय जुळते आणि कोणती नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असते किंवा ठाऊक असायला हवे. तेव्हा निविदेत वा बिलावर स्पष्ट लिहावे : अमुक कंपनीच्या अमुक मॉडेलशी दोन्ही बाजूंनी बोलून पाहिले, साधे बोलणे जुळते, लाल बटण जुळत नाही. असे लिहिल्याने एखादे गिऱ्हाईक हातचे जाईल. पण ज्या रात्री प्राणहिता पात्र सोडेल त्या रात्री काठावरच्या माणसाला आपल्या हातातल्या संचाची मर्यादा माहीत असेल आणि तो दुसरी सोय करून ठेवील. खरेदी करणाऱ्या खात्यांनीही निविदेत एक ओळ घालावी, की आपल्याकडील जुन्या संचांशी समोरासमोर तपासणी झाल्याशिवाय माल स्वीकारला जाणार नाही.

सिरोंच्यातील आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील जे बांधव रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात आहेत त्यांनी येत्या उन्हाळ्यात एकत्र बसावे, आपल्याकडील साधनांची यादी करावी आणि तहसील कार्यालय व पोलीस ठाण्याकडे मेळ-तपासणीचा लेखी प्रस्ताव द्यावा. पहिल्या वर्षी मोबदला थोडा मिळेल. पण रकाने भरलेली वही हाती असली तर पुढच्या वर्षी काम मागायला जावे लागणार नाही, इन्शाअल्लाह.